अडगावचा गोळा आणि अहेवमाय

इंद्रभानजी गावंडे यांच्या घरातला तोफेचा गोळा देव झाला, ही बातमी त्यांना जिनात कळली. रिसोडच्या एका कापसाच्या जिनात ते टाइमकीपर होते. सकाळचा भोंगा देऊन ते हजेरी घ्यायला बसले, तेवढ्यात बैलबंडीवाला पुंजाजी कपाळभर शेंदूर लावून समोर उभा राहिला.

"आज कोनता सन हाय रे पुंजाजी?"

"सन नाई भानजी. तुमच्याच दारातून येऊन राह्यलो. दर्शन घेतलं."

"कोनाचं?"

"अरे बाप्पा! घरच्या मानसालेच पत्ता नाई! अहेवमायचं. तुमच्या लिंबाखाली निंगाली ना ते. काळी, गोल गरगरीत. अशी चकाकते का पाहातच राहावं."

काळी, गोल आणि चकाकणारी अशी वस्तू इंद्रभानजींच्या घरात एकच होती. त्यांनी हजेरीचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं आणि ते घराकडे निघाले. दोन भोंग्यांच्या मध्ये टाइमकीपर जागा सोडून गेला, असं त्या जिनात पूर्वी कधी झालं नव्हतं.

घरासमोर रस्त्याच्या कडेला कडुलिंब होता. त्याच्या बुडाशी दोन विटा मांडून त्यांवर त्यांचा गोळा बसवला होता. अंगभर शेंदूर, मध्ये हळदकुंकू, खाली हिरवा खण, बाजूला चार बांगड्या. शेजारच्या सोजरबाई पुढची जागा झाडत होत्या.

"सोजरबाई, हा माहा गोळा हाय."

"भाऊजी, पह्यले पायातल्या वाहाना काढा."

त्यांनी वहाणा काढल्या. इथेच त्यांचं चुकलं. एकदा वहाणा काढल्यावर माणसाला भांडता येत नाही.

इंद्रभानजींना इतिहासाचा नाद होता. नाद म्हणजे नुसत्या पानिपताचा नाही. कुठल्या लढाईत कुणाचा हत्ती चिखलात फसला, कोणत्या पहिलवानाने कुणाला कोणत्या डावावर चीत केलं, बर्लिनला हॉकीत आपल्या पोरांनी जर्मनांना कसं लोळवलं, आगगाडीचं पहिलं इंजिन चढावर कसं दमलं, हे सगळं त्यांना सारखंच जवळचं. बाहेरच्या खोलीत फळ्या ठोकून त्यांनी संग्रह मांडला होता. मूठ नसलेली तलवार, मोटारीचा रबरी भोंगा, चिरलेलं फोनोग्राफचं नळकांडं, बसऱ्याहून परतलेल्या शिपायाची लोखंडी टोपी, एका नामांकित पहिलवानाचा लंगोट. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी डकवलेली.

त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई यांना हा सगळा पसारा वाटे, आणि घरातली कोणतीही वस्तू रिकामी बसू देणाऱ्या त्या नव्हत्या. शिपायाच्या टोपीत त्या कांदे ठेवत. लंगोट त्यांनी एकदा रिठ्याने स्वच्छ धुऊन वाळत घातला, तेव्हा इंद्रभानजी दोन दिवस जेवले पण बोलले नाहीत. इतिहास धुतला गेला, असं त्यांचं म्हणणं. वास गेला, असं रुख्मिणीबाईंचं.

गोळा त्यांनी अडगावहून आणला होता. १८०३ साली तिथे इंग्रजांची आणि भोसल्यांची लढाई झाली. त्या रानात एका शेतकऱ्याच्या नांगराला हा गोळा लागला आणि इंद्रभानजी तो मांडीवर घेऊन, लेकरासारखा सांभाळत घरी आले. फळीवर ठेवला, चिठ्ठी लावली. त्याच सुमारास घरातला बत्ता फुटला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो फळीवर चिठ्ठी आहे आणि गोळा नाही. गोळा स्वैपाकघरात खलात मिरच्या कुटत होता.

"अगं, तोफेचा गोळा हाय तो!"

"असन. आता बत्ता हाय."

हा वाद पुढे संसारभर चालला. पाहुणे आले की इंद्रभानजी हाक मारत, "तो गोळा आन वो जरा." आतून उत्तर येई, "बत्ता कामात हाय." पाहुण्यांना अडगावची लढाई तिखटाच्या खाटात, ठसकत ठसकत ऐकावी लागे. वर्षानुवर्षं लसूण, सुंठ आणि मिरच्या कुटून त्या गंजक्या लोखंडाला अशी काळी झिलई आली होती की तो शाळिग्रामासारखा दिसे.

माघात रुख्मिणीबाई तापाने गेल्या. नवऱ्याच्या आधी, भरल्या कपाळाने. आपल्याकडे अशा बाईला अहेव गेली म्हणतात आणि तिचं भाग्य मानतात. सगळ्या गल्लीतल्या बायांनी तिच्या पाया पडून घेतलं. ज्याची बायको गेली त्याचं भाग्य कसलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

तेरवीच्या आधी मंगरूळपीरहून नातलग बाया आल्या. रीतीप्रमाणे घर सारवलं, मडकी फोडली, भांडी बाहेर लिंबाखाली काढून राखेने घासली. रुख्मिणीबाईंची लुगडी वाटली गेली. जोडवी भाचीला गेली, पितळी डबा बहिणीला, फणी आणि आरसा कोण घेऊन गेलं ते कळलंसुद्धा नाही. फोटो कधी निघालाच नव्हता. भांडी परत आत गेली, पण लिंबाखालचा एक गोल काळा धोंडा कुणी उचलला नाही. पाहुण्या बायांना काय माहीत, धोंडा हे या घरातलं भांडं आहे म्हणून.

तो तिथे राहिला. सोजरबाईंची म्हैस पारडू मेल्यापासून पान्हा चोरत होती. एका सकाळी त्यांनी अहेव मेलेल्या बाईच्या दारातला हा धोंडा पाहिला आणि जाता जाता त्याला कुंकू लावलं. त्याच सांजेला म्हैस दुधाला आली. मग पुंजाजीचा हरवलेला बैल घरी आला. मग कुणाच्या सुनेला दिवस गेले. आणि इंद्रभानजी रोज सकाळी त्याच्यासमोरून मान खाली घालून जिनात जात होते. त्या दिवसांत त्यांना रस्त्यावरचं काहीच दिसत नव्हतं.

आता मात्र दिसलं. सबंध घरात तलवार त्यांची होती, टोपी त्यांची, लंगोट त्यांचा. तिच्या हातचं म्हणावं असं उरलेलं एकच, आणि ते बाहेर खण नेसून बसलेलं. ते परत घरात आणायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. काम दहा पावलांचं होतं.

सोजरबाई म्हणाल्या, "अशी नेता येत नाई भाऊजी. तुमाले नाई, आमाले नाई. रुख्मिनीचं नाव घेऊन बसवली हाय."

"अवो, ते देवी नाई. तोफेचा गोळा हाय. इंग्रजाचा."

"इंग्रजाचा असता त तुमच्या दारात कायले राह्यला असता?"

इंद्रभानजी वहाणा हातात घेऊन घरात गेले.

शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, अंधार पडल्यावर उचला. दुसऱ्याने सांगितलं, उचलणाराचा हात लुळा पडेल. तिसऱ्याचं म्हणणं, भानजी, एवीतेवी तुमचं दार हाय, वर टिनाचं छप्पर घाला, यात्रा भरन, तुमचंच नाव होईन. इंद्रभानजींना तिघांचाही राग आला. आयुष्यभर माणसाने खरं काय ते सांगावं आणि त्याच्याच दारात खोटं काय ते भरावं, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी ठरवलं, लोकांना समजावून सांगायचं.

मंगळवारी बाया जमल्या तेव्हा ते लिंबाखाली उभे राहिले आणि त्यांनी अडगावची लढाई पहिल्यापासून सांगितली. फौजा कशा आल्या, तोफा कुठे लावल्या, पहिला गोळा सुटला तेव्हा बैल कसे उधळले. इतकं मन लावून त्यांचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. बाया डोक्यावर पदर घेऊन बसल्या. एकदोघींनी डोळे पुसले. शेवटी इंद्रभानजी म्हणाले, "तर असा हा गोळा त्या रानात पडला, अन् शेतकऱ्याच्या नांगराले लागला."

"नांगराले लागली!" पुंजाजी ओरडला. "सीतामायवानी! बोला अहेवमाय की..."

"जय!"

त्यांच्या हातात गूळखोबरं पडलं. एक म्हातारी म्हणाली, "लई चांगली पोथी सांगता बाप्पा. दर मंगळवारी सांगत जा."

घराच्या भिंतीला भिंत लागून सैफुद्दीन राहत. घड्याळं, स्टोव्ह आणि ग्रामोफोन दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं आणि इंद्रभानजींची त्यांची दोस्ती यंत्रांवरची. त्यांनी हा तमाशा भिंतीवरून पाहिला.

"भानजी, जबान से नहीं होगा," ते म्हणाले. "लोहा है ना? फिर साबित करो. माह्याजवळ मोटारीच्या मॅग्नेटोचं लोहचुंबक हाय. लावून दाखवू. पत्थर को लगता है क्या? नाई लागत. मंग देवी कशी?"

ही युक्ती इंद्रभानजींना फार आवडली. सगळ्यांसमोर सैफुद्दीनने घोड्याच्या नालेसारखं ते चुंबक पुढे केलं आणि ते गोळ्याला खटकन जाऊन बसलं. असं बसलं की सैफुद्दीनला पुढे ओढूनच बसलं.

मग पुंजाजी हळूच म्हणाला, "पाह्यलं? मायनं हातातून ओढून घेतलं."

"अरे, वो लोहचुंबक है!"

"हसळी हाय. गळ्यातली. तिले पाह्यजे होती, तिनं घेतली."

चुंबक काढायला सैफुद्दीन पुढे झाले तर चार बाया आडव्या आल्या. देवीच्या अंगावरचा दागिना पुरुषाने ओढायचा? दुसऱ्या दिवशी त्या चुंबकालाही शेंदूर लागला. घरी सैफुद्दीनची बायको मेहरबी त्यांना म्हणाली, "तुमी गेले कायले होते तिकडे?" त्यानंतर ते इंद्रभानजींना भेटले की आधी चुंबकाची चौकशी करत, मग तब्येतीची.

आता कायद्याने जायचं ठरलं. इंद्रभानजींनी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, की माझ्या मालकीचा सन १८०३ चा तोफेचा गोळा काही लोकांनी गैरसमजाने देव मानला आहे, तरी तो मला परत मिळावा. सर्व्हिस मोटारीने धूळ खात ते तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या शिरस्तेदारांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"तोफेचा गोळा आपल्या मालकीचा आहे, असं आपण लेखी देता?"

"हो साहेब."

"परवाना?"

"कशाचा?"

"दारूगोळ्याचा."

"साहेब, गोळाच आहे. दारू नाही."

"दारू दुसरीकडे ठेवली आहे?"

"दारू नव्हतीच कधी."

"मग गोळा उडवता कसा?"

"उडवत नाही साहेब. त्याला तोफ लागते."

"तोफ कुठे आहे?"

"तोफ अडगावला होती. एकशेपस्तीस वर्षांपूर्वी."

"म्हणजे तोफेचा ठावठिकाणा आपल्याला माहीत आहे," शिरस्तेदार म्हणाले आणि त्यांनी तसं लिहून घेतलं.

परतीच्या मोटारीत इंद्रभानजी खिडकीपाशी बसले. कचेरीत झालेलं घरी गेल्यावर सांगायचं, या विचाराने त्यांना मध्येच हसूही आलं. "उडवता कसा?" हे तर ते नक्कल करून सांगणार होते. मालेगावचा फाटा मागे पडला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की सांगायचं कुणाला.

आठ दिवसांत जमादार रतनसिंग गोळा जप्त करायला आला. खाकी कपडे, हातात दंडा. लिंबापाशी येऊन त्याने आधी बूट काढले, नमस्कार केला आणि थोडा अंगारा कागदात बांधून खिशात ठेवला.

"बायकोनं सांगतलं होतं," तो इंद्रभानजींना म्हणाला. "हे घरचं काम झालं. आता सरकारी काम."

सरकारी काम म्हणजे पंचनामा. पण जप्त करायच्या वस्तूचं वर्णन काय लिहायचं यावर अडलं. गोळा लिहिलं तर पुंजाजी अंगठा देईना. देवी लिहिलं तर देवीला जप्त करायची कलमं रतनसिंगला पाठ नव्हती. शेवटी त्याने लिहिलं : 'काळी गोल वस्तू, जात स्त्री, गळ्यात लोखंडी हसळी.' आता ती उचलायची कुणी? रतनसिंग दंड्याकडे पाहत राहिला. मग त्याने हुकूम केला, की मुद्देमाल जागेवरच राहील आणि चौकशी होईपर्यंत पुंजाजीने सांभाळावा.

अशा रीतीने पुंजाजी सरकारी पुजारी झाला. त्याने बंडी हाकायचं सोडून दिलं आणि इंद्रभानजींना तो म्हणाला, "तुमाले दर्शनाले मनाई नाई. पन हात लावाचा नाई. मुद्देमाल हाय."

रोज संध्याकाळी जिनातून आल्यावर इंद्रभानजी दाराच्या उंबऱ्यावर बसत. समोर दिवा लागलेला असे. येणाऱ्या बाया कुंकू लावत आणि हळू आवाजात काहीबाही सांगत. कुणी सासूचं, कुणी पोटाचं. एकदा एक नवी सून बराच वेळ गोळ्याला टेकून रडली आणि डोळे पुसून घागर उचलून निघून गेली. इंद्रभानजींना तिचा हेवा वाटला. तिला हात लावायला मनाई नव्हती.

चैत्रात नायब तहसीलदार साहेब दौऱ्यावर आले. लिंबाखाली खुर्ची मांडली, टेबल मांडलं. अर्धं गाव गोळा झालं. साहेब तरुण होते, उन्हाने वैतागले होते आणि त्यांना दुपारच्या आत पुढच्या गावाला जायचं होतं. त्यांनी कागद पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"गावंडे, नीट ऐका. ही वस्तू तोफेचा गोळा असेल, तर विनापरवाना बाळगल्याबद्दल मला तुमच्यावर खटला भरावा लागेल आणि गोळा सरकारजमा होईल. देव असेल, तर तो जिथे बसला आहे तिथेच राहील, कारण झाड आणि खालची जागा सरकारी आहे. या दोहोंवेगळं काही असेल तर सांगा. आहे का काही?"

सगळे इंद्रभानजींकडे पाहू लागले. रिसोडात अडगावची लढाई सांगावी तर त्यांनीच. पाहुणा कितीही मोठा असो, 'गोळा' म्हणायचं त्यांनी कधी सोडलं नव्हतं. चूल पेटली असताना, घास तोंडात असताना, कधी दिवसातून दोनदा त्यांनी हा मुद्दा मांडला होता आणि एकदाही मागे घेतला नव्हता. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. कचेरीतली मराठी तोंडात येईना.

"बत्ता हाय साहेब," ते म्हणाले.

"काय?"

"बत्ता. माह्या बायकोचा. मिरच्या कुटाचा."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळे हसले. पुंजाजी म्हणाला, "साहेब, खोटं बोलून राह्यले! याइनंच आमाले अर्धा दिवस लढाई सांगतली! तोफा काय, बैल काय!"

"लढाई म्या सांगतली," इंद्रभानजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "माही बायको नाई म्हने. ते पह्यल्यापासून बत्ताच म्हने."

"म्हणे म्हणून चालत नाही," साहेब म्हणाले. "त्या बाई आता नाहीत. या वस्तूने मिरच्या कुटलेल्या पाहिलेलं दुसरं कुणी आहे?"

कुणी पुढे येईना. सैफुद्दीन म्हणाले, "साहब, मैंने आवाज सुना है. दीवार के उस तरफ से." पण साहेबांनी आवाज लिहून घेतला नाही.

सोजरबाई बायांच्या मागे बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला. बाजूची बाई त्यांचा हात धरून म्हणाली, "बस वो तू. तुले काय कराचं हाय?" त्यांनी हात सोडवून घेतला आणि त्या उठल्या.

"बत्ता हाय साहेब. रुख्मिनीचाच. म्या किती खेप मागून नेला. याच्या एका अंगाले खपली निंगाली हाय, तिकून धरला का हात कापते. ते म्हने, उलटा करून धर वो."

रतनसिंगने पाणी मागवून शेंदूर खरवडला. एका अंगाला खपली निघालेली होती. त्याने बोट लावून पाहिलं आणि कापलेलं बोट तोंडात घातलं.

"अन् म्हशीचं कसं मंग?" पुंजाजीने सोजरबाईंना विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. "म्हैस त तूच सांगतली ना सगळ्याइले."

"म्हशीले म्या त्या दिसापासून सरकी चालू केली होती," सोजरबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांच्याजवळच्या दोघी उठून दुसरीकडे जाऊन बसल्या.

साहेबांनी दोन ओळी लिहिल्या. वस्तू घरगुती वापराची ठरली. सैफुद्दीनने चुंबक ओढून काढलं आणि ते कुणी पुन्हा मागायच्या आत भिंतीपलीकडे गेलं. पुंजाजीला दुसऱ्या दिवसापासून बंडी हाकायची होती. इंद्रभानजींनी गोळा उचलला. जिंकलेल्या माणसाला लोक काहीतरी बोलतात. त्यांना कुणी काही बोललं नाही. बायांनी वाट दिली आणि तोंडं फिरवली. ती नवी सून गर्दीच्या कडेला उभी होती. सगळे पांगल्यावर तिने रिकाम्या विटांना हात लावून तो कपाळाला लावला.

घरी आणलेला गोळा त्यांनी रॉकेलने पुसला. बराच शेंदूर निघाला. खाचेतला राहिला. मग त्यांनी तो फळीवर, चिठ्ठीच्या जागी ठेवला. दूर होऊन पाहिलं. संग्रहातली ती सगळ्यांत चांगली वस्तू होती, यात शंका नव्हती. पण तो तिथे पाहुण्यासारखा दिसत होता. त्यांनी तो तलवारीच्या डावीकडे ठेवून पाहिला, उजवीकडे ठेवून पाहिला, उशाशी घेऊन पाहिला. ज्याच्यासाठी सरकारदरबार केला, ते हातात आलं होतं आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिनाला सुट्टी होती. दुपारी सोजरबाई दारात आल्या. कडेवर सुपात वाळलेल्या मिरच्या. गल्लीत कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं आणि तोंडावर ते दिसत होतं.

"बत्ता द्या भाऊजी."

इंद्रभानजी म्हणाले, "आता? उसना?"

"मंग? साहेबापुढं सांगतलं ना बत्ता हाय म्हनून? का फळीवर ठेवाले सांगतलं?" त्यांनी फळीकडे पाहिलं. "साऱ्या गल्लीची शिवी खाल्ली म्या याच्यापायी. वर्षाचं तिखट कराचं हाय."

द्यायला त्यांचा हात धजत नव्हता. पण उसनं मागायला आलेल्या बाईला या दारातून रिकाम्या हाताने कधी पाठवलं गेलं नव्हतं, आणि ती पद्धत काही त्यांनी पाडलेली नव्हती. त्यांनी गोळा काढून दिला.

दुपारभर सोजरबाईंच्या घरातून कुटण्याचा आवाज येत होता. इंद्रभानजी पुस्तक उघडून बसले आणि एकाच पानावर बसून राहिले. खाट आला, त्यांना ठसका लागला, सैफुद्दीनच्या घरात मेहरबी शिंकली. दिवेलागणीला सोजरबाई परत आल्या. त्यांनी दारात गोळा त्यांच्या हातात दिला नाही. त्या सरळ आत स्वैपाकघरात गेल्या, जशा नेहमी जात असतील तशा. इंद्रभानजी मागोमाग दारापर्यंत गेले. घरात चूल पेटत नव्हती, सोजरबाईंकडून भाकरी येत होती. तेरवीपासून ते या खोलीत आले नव्हते. त्याआधीही फारसे आलेले नव्हते.

सोजरबाईंनी गोळा पदराने पुसला, ज्वारीच्या कणगीजवळ वाकून खाली ठेवला आणि वाटीभर तिखट बाजूला ठेवलं. सारवलेल्या जमिनीत तिथे एक उथळ खळगा पडलेला होता. गोळा त्यात बसला.

"अथीच ठेवे रुख्मिनी," सोजरबाई म्हणाल्या. "अन् अथीच बसे कुटाले. म्या किती म्हनो, वो बाई, दाराकडं उजेड हाय, तिकडं बस. त म्हने, नाई, मले अथीच बरं."

त्या गेल्या.

अडगावच्या मैदानात कोणती पलटण कुठे उभी होती, हे इंद्रभानजी डोळे मिटून सांगत. ते खळग्याजवळ गेले आणि भिंतीला हात टेकत हळूच खाली बसले. पाठीला कणगी आली, डाव्या हाताला चूल. तिथून दाराच्या चौकटीतून सरळ बाहेरची खोली दिसत होती. फळ्या दिसत नव्हत्या. तलवार नाही, टोपी नाही, संग्रहातलं काहीच नाही. दिसत होती ती एकच वस्तू, त्यांची स्वतःची खुर्ची, जिच्यावर बसून ते लढाया सांगत.

ती आता रिकामी होती.